शेवटची पाच मिनिटं

हैदराबादेत राहायला येऊन मला वीस वर्षं होऊन गेली. आपण गोव्याचे असं सांगितलं की इथली माणसं आधी फेणीचा विषय काढतात, मग समुद्राचा, आणि तिथून गाडी सरळ क्रिकेटवर जाते. फुटबॉलबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि न विचारलेलंच बरं. कारण फुटबॉल निघाला की एफसी गोवा निघणार, आणि एफसी गोवा निघाला की शेवटची पाच मिनिटं निघणार.

तुम्ही गोव्यात असाल तर मी कशाबद्दल बोलतोय ते फोड करून सांगायला नको. आपला संघ वाईट नाही. खरं तर वाईट असता तर बरं झालं असतं. चार-पाच गोल खाणाऱ्या संघाचं दुःख लवकर ओसरतं. माणूस मध्यंतरालाच टीव्ही बंद करतो, हुमण-शीत जेवतो आणि झोपी जातो. आपला संघ तसं करू देत नाही. तो छान खेळतो, पासवर पास देत डोळ्यांचं पारणं फेडतो, आघाडी घेतो, तुम्हाला खुर्चीच्या टोकावर आणून बसवतो आणि मग हातातोंडाशी आलेला घास ताटासकट पलीकडच्याला देऊन टाकतो. इंडियन सुपर लीगच्या साखळीत पहिलं येऊन २०२० साली पहिलीवहिली लीग शील्ड घेतली ती आपणच. सुपर कप घेतला, ड्युरंड कप घेतला. पण बाद फेरीनंतर मिळतो तो लीगचा करंडक २०१४ ते २०२५ या अकरा हंगामांत एकदाही आपल्या वाट्याला आला नाही.

सुरुवात अर्थात २० डिसेंबर २०१५ पासून करायला हवी. फातोर्ड्याला अंतिम सामना, समोर चेन्नईयिन, आपल्या बाजूला प्रशिक्षक म्हणून साक्षात झिको. नाताळाच्या सुटीसाठी मी लवकर घरी आलो होतो. तिकिटं काही मिळाली नाहीत, म्हणून मडगावला मामांकडे जाऊन बसलो. मामांचं घर स्टेडियमपासून इतकं जवळ आहे की वारा योग्य दिशेचा असला तर खिडकीतून लोकांचा आवाज ऐकू येतो. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागून येतं, त्यामुळे मामांकडे गोल आधी ऐकू येतो आणि मग दिसतो.

पहिला गोल त्यांचा झाला, ५४ व्या मिनिटाला. चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी केली. पुढचा अर्धा तास कसा गेला ते विचारू नका. ८७ व्या मिनिटाला खिडकीतून एकदम गलका झाला आणि आम्ही टीव्हीकडे बघत नुसतेच उभे राहिलो, आता काहीतरी होणार आहे हे ठाऊक असलेले. जोफ्रेचा गोल! २-१. मामींनी देवाजवळ दिवा लावला. कुणीतरी फटाके आणायला बाहेर गेलं.

आणि मग नव्वदाव्या मिनिटाला खिडकीतून आवाज येणंच बंद झालं. टीव्हीवर अजून आपणच पुढे होतो, चेंडू अजून खेळात होता. मामांनी माझ्याकडे बघितलं. "कितें जालें रे?" एवढंच म्हणाले. त्यानंतर आम्हाला दिसलं: चेंडू लक्ष्मीकांत कट्टीमणीला लागून आपल्याच जाळ्यात. स्वयंगोल. त्यातून सावरायच्या आत, जादा वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला, मेंडोझाने तिसरा घातला. ३-२. करंडक चेन्नईला गेला. फटाके आणायला गेलेला मुलगा पिशवी घेऊन दारात आला आणि आमच्याकडे बघून चपला न काढताच परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराकडे, मासळी बाजारात, बसस्टँडवर एकच नाव. कट्टीमणी. मामाही त्यात होते. "कीपरान घात केलो," हे वाक्य मी त्या दोन दिवसांत त्यांच्या तोंडून दहा वेळा तरी ऐकलं असेल. मामा तरुणपणी भात कापून झालेल्या शेतांत गावच्या संघाकडून खेळायचे, आणि ते बॅक होते. बॅकला कीपर कधीच पसंत नसतो हेही ध्यानात घ्यायला हवं. तरीसुद्धा मला ते खटकलं. ५४ व्या मिनिटापासून जे काही झालं ते अकरा जणांनी मिळून केलं होतं, चांगलंही आणि वाईटही. पण कीपर हा शेवटचा माणूस. त्याच्यामागे फक्त जाळं. स्ट्रायकरने सोपी संधी दवडली तर तो डोकं धरतो आणि पुढच्या मिनिटाला लोक विसरतात. कीपरची चूक मात्र फलकावर चढते, नावानिशी, कायमची. आणि कट्टीमणी कोण? धेंपोकडून खेळून वर आलेला आपलाच मुलगा. आडनाव कानडी, वाढ गोव्यातली. जिंकलो असतो तर आम्ही त्याला खांद्यावर घेऊन 'गोंयकार' म्हणून नाचवलं असतं. हरल्यावर त्याच्या आडनावाची चर्चा करणारेही मला त्या आठवड्यात भेटले. त्याबद्दल इथे अधिक न लिहिलेलं बरं.

यानंतरचा मोठा घाव २०१९ चा. १७ मार्च, मुंबईत अंधेरीला अंतिम सामना, समोर बेंगळुरू. ०-० असताना जादा वेळेच्या पूर्वार्धाच्या शेवटाला अहमद जाहू लाल कार्ड घेऊन बाहेर, आणि ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवरून राहुल भेकेचं हेडर. भेके मुंबईचा. मराठी नावाच्या मुलाने गोल केला म्हणून आनंद मानावा का, असा प्रश्न मी तेव्हा घरी विचारला होता. उत्तर मिळालं नाही.

हे सगळं मी हैदराबादेत कुणाला सांगणार? आमच्या इमारतीत एक काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांचं घराणं मूळचं मराठवाड्यातलं, पण तीन पिढ्या काचीगुड्यात गेलेल्या. त्यांची मराठी ऐकत राहावी अशी आहे, मध्येच 'हौ' आणि 'नक्को' पेरलेली. मला ते 'गोवावाले' म्हणतात. ते क्रिकेटवाले. पण शेवटी निसटणाऱ्या सामन्यांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी मला हात जोडून थांबवलं. म्हणाले, "गोवावाले, तुम्ही मला सांगू नका. मी उप्पलला होतो."

उप्पलला म्हणजे ५ नोव्हेंबर २००९ ला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. त्यांच्या ३५० धावा. त्यांच्यामागे सचिन एकटा पळत सुटलेला, १४१ चेंडूंत १७५. तो बाद झाला तेव्हा १७ चेंडूंत १९ हव्या होत्या. आजच्या हिशेबाने काहीच नाही. आपण ३४७ वर सर्वबाद झालो, तीन धावांनी हरलो. काका सांगतात की सचिनचा झेल गेल्यावर त्यांच्या ओळीतली निम्मी माणसं उठून पार्किंगकडे चालू लागली. 'सचिन गेला, टीव्ही बंद' ही आपल्या पिढीची सवय, ती लोकांनी स्टेडियममध्येही पाळली. काका बसून राहिले. त्याचा त्यांना अजून अभिमान आहे की पश्चात्ताप, ते मला कळलेलं नाही.

त्यानंतर काकांनी उप्पलची एक कुंडलीच मांडलेली आहे. २०१७ चा आयपीएलचा अंतिम सामना उप्पलला: पुण्याला शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, पहिल्याच चेंडूवर चौकार गेला, पाच चेंडूंत सात राहिल्या, आणि पुणे मुंबईशी एका धावेने हरलं. २०१९ चा अंतिम सामना पुन्हा उप्पलला: चेन्नईला शेवटच्या चेंडूवर दोन हव्या होत्या, मलिंगाने पालघरच्या शार्दूल ठाकूरला पायचीत केलं, पुन्हा एक धाव. आणि जानेवारी २०२४ ची इंग्लंडविरुद्धची कसोटी: पहिल्या डावात भारताला १९० धावांची आघाडी. ऑली पोपने दुसऱ्या डावात १९६ काढल्या, पहिलीच कसोटी खेळणाऱ्या टॉम हार्टलीने सात बळी घेतले आणि आपण २८ धावांनी हरलो. मायदेशात पहिल्या डावात शंभरावर आघाडी घेऊन भारत हरण्याची ती पहिलीच वेळ. "जागाच तशी आहे," काका म्हणतात. माझा जागेवर विश्वास नाही. जागा वाईट असेल तर मुंबईला दोनदा चांगली कशी ठरली? पण हरणाऱ्याला कारण लागतं. जागेला दोष दिला तर निदान कुणा माणसाला शिव्या बसत नाहीत.

फुटबॉलबद्दल काकांना थोडंफार माहीत आहे ते त्यांच्या वडिलांमुळे. वडील हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे भक्त. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप या संघाने नेला, आणि त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेबांनी भारताला १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानावर नेलं हे आपण अभिमानाने सांगतो. त्या स्पर्धेतला उपांत्य सामना मात्र कुणी सांगत नाही. समोर युगोस्लाव्हिया. ५२ व्या मिनिटाला भारत १-० ने पुढे, आणि गोल करणारा कोण? मुंबईचा गोंयकार नेव्हिल डिसोझा, ज्याने आधीच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाला हॅटट्रिक मारली होती. ती आघाडी दोन मिनिटं टिकली. शेवटी ४-१. म्हणजे गोंयकाराने मिळवून दिलेली आघाडी हैदराबादी प्रशिक्षकाच्या डोळ्यांदेखत गेली, तीही तेव्हा, जेव्हा गोव्यात अजून पोर्तुगीजांचं राज्य होतं. आमचं हे दुखणं वडिलोपार्जित आहे, असं मी काकांना म्हटलं तेव्हा ते मनापासून हसले.

त्याच रहीमसाहेबांनी सहा वर्षांनी एक आघाडी राखूनही दाखवली. १९६२, जकार्ता, आशियाई खेळांचा अंतिम सामना, दक्षिण कोरियाविरुद्ध. वीस मिनिटांत दोन गोल. डोक्याला टाके पडलेल्या जर्नेल सिंगला, जो मुळात बचावपटू, त्यांनी पुढे खेळवलं आणि त्याने गोल केला. सारं स्टेडियम विरोधात. ८५ व्या मिनिटाला कोरियाने एक परत केला. म्हणजे आपली ती सुप्रसिद्ध शेवटची पाच मिनिटं! ती टिकली. २-१, सुवर्णपदक. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते, पुढच्याच वर्षी गेले.

आता २०२२ कडे येतो, कारण हा लेख लिहायचं खरं निमित्त ते आहे. कोविडमुळे लीगचे दोन हंगाम पूर्णपणे गोव्यात झाले: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान, प्रेक्षकांविना. दुसऱ्या हंगामात हैदराबाद एफसी अंतिम फेरीत पोचला, आणि ज्या हैदराबादचं नाव तो लावतो तिथे त्या वर्षी एकही सामना खेळला नव्हता. आमच्या इमारतीत हा संघ अस्तित्वात आहे हेच निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. २०१९ मध्ये स्थापना, गच्चीबावलीला घरचं मैदान, पहिल्या वर्षी तळाला. त्या संघाचा गोलकीपर होता लक्ष्मीकांत कट्टीमणी.

२० मार्च २०२२, पुन्हा फातोर्डा. अंतिम सामन्याला प्रेक्षकांना प्रवेश दिला, आणि केरळहून माणसांचा पूर आला. केरळ ब्लास्टर्स २०१४ आणि २०१६ असे दोन अंतिम सामने हरलेले. फातोर्डा पिवळाधमक झाला. मी हैदराबादेत, माझ्या सोफ्यावर, शेजारी काका. काकांनी मला विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूने? मी हैदराबाद म्हणालो, कारण इथलं मीठ खातो. खरं कारण वेगळं होतं, ते त्यांना सांगायला वेळ लागला असता.

६८ व्या मिनिटाला राहुल के. पी.ने केरळला पुढे नेलं. चेंडू कट्टीमणीच्या हाताला लागून आत गेला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. आता पुन्हा हेच का? त्याच मैदानावर, त्याच माणसाला? पण शेवटची पाच मिनिटं त्या दिवशी दुसऱ्या कुणाची तरी होती. ८८ व्या मिनिटाला बदली म्हणून आलेल्या साहिल तावोराने चेंडू जमिनीवर पडायच्या आत लांबून असा हाणला की केरळचा तो पिवळा समुद्र जागच्या जागी थिजला. तावोरा आपला गोंयकार. जादा वेळ गोलाविना गेला. मग पेनल्टी. कट्टीमणीने तिघांच्या किक अडवल्या. हैदराबाद ३-१.

मी काही ओरडलो वगैरे नाही. काकांना २०१५ ची गोष्ट तेव्हा सांगितली, टीव्हीवर बक्षीस समारंभ चालू असताना. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, "मग गोव्यात आज लोक काय म्हणत असतील?" मी मडगावला फोन लावला. मामांनी सामना पाहिला होता. बराच वेळ ते नुसतेच हवापाण्याचं बोलत राहिले. मग म्हणाले, "बरो खेळ्ळो." कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

वर्तमानपत्रांना अशी गोष्ट आवडते: सहा वर्षांपूर्वी जिथे पडला तिथेच उठला. मलाही आवडली. पण हिशेब नीट लावू. करंडक उचलला तो हैदराबादने. केरळची माणसं तिसऱ्यांदा रिकाम्या हाताने रात्रीच्या गाड्यांत बसली. त्यांच्या घरी कुणी मामा असणारच. आणि आपली पाटी कोरीच राहिली.

ती किती कोरी हे २४ एप्रिल २०२४ ला कळलं. उपांत्य फेरीचा पहिला सामना, फातोर्ड्याला, मुंबई सिटीविरुद्ध. आपले प्रशिक्षक मानोलो मार्केझ, म्हणजे ज्यांनी हैदराबादला करंडक मिळवून दिला तेच. बोरिस सिंगचा गोल, मग ब्रँडनचा गोल. ८९ मिनिटं झाली, २-०. काका उठले, "चला, जमलं तुमचं," म्हणून जेवायला घरी निघाले. लिफ्टपाशी गेल्यावर चष्मा विसरल्याचं लक्षात आलं म्हणून परत आले तेव्हा २-२ झालं होतं. नव्वदाव्या मिनिटाला छांगटे, लगोलग विक्रम प्रताप. काका चष्मा हातात घेऊन उभेच राहिले आणि त्यांच्यासमोर छांगटेने तिसरा घातला. सहा-सात मिनिटांत तीन गोल. "अरे बाबा, मी फक्त चष्म्यासाठी आलो होतो," एवढंच ते म्हणाले. उप्पलचं नाव मात्र काढलं नाही.

असं का होतं यावर मी पुष्कळ विचार केला आहे. आघाडी मिळाली की संघ दोन पावलं मागे सरकतो. कुणी सांगावं लागत नाही, पाय आपोआप मागे जातात. पुढचा गडी काढून मागचा आणला जातो. मग लांब फटकावलेला चेंडू पुढे धरून ठेवायला कुणी उरत नाही, तो भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो. एप्रिलमधली मडगावची दमट हवा, ऐंशी मिनिटं धावलेले पाय, पोटऱ्यांत गोळे. समोरच्याने तोवर बाकावरून ताजे फॉरवर्ड उतरवलेले; कोविडनंतर तीनऐवजी पाच बदल करता येतात, त्याचा फायदा पिछाडीवर असलेल्यालाच जास्त. आणि एक गोल गेला की आधीच्या सगळ्या वर्षांची भुतं स्टेडियममध्ये उतरतात. खेळाडू नवे असतात, त्यांना २०१५ शी काही देणंघेणं नाही. पण स्टँडमधल्या लोकांना असतं, आणि वीस हजार माणसांनी एकदम श्वास रोखला तर मैदानातल्या पोराला तो ऐकू येत असणार. मामांच्या खिडकीतून तो मलाच ऐकू आला होता.

परतीचा सामना आपण ०-२ हरलो, मुंबईने पुढे करंडक घेतला, आणि आपला ब्रँडन त्याच वर्षी मुंबईकडे गेला. असो.

हैदराबाद एफसीही आता इथे नाही. पैशांची ओढाताण झाली, मालक बदलले आणि २०२५ मध्ये तो संघ नाव बदलून दिल्लीला गेला. ज्या शहराने त्याला धड पाहिलंही नाही, त्याने त्याला धड निरोपही दिला नाही. काकांना मी सांगितलं तेव्हा त्यांना थोडं वाईट वाटलं. त्यांनी जन्मात तो एकच करंडक फुटबॉलमध्ये जिंकला होता, आमच्या सोफ्यावर बसून.

मार्च २०२५ पासून मी मामांना एक सांगून ठेवलं: पंचाची शिट्टी वाजेपर्यंत मला फोन करायचा नाही. कारण मी सामना मोबाइलवरून बघतो, तो टीव्हीपेक्षाही मागे असतो, आणि मामांना तर सगळं खिडकीतून आधीच कळतं. ६ एप्रिल २०२५ ला बेंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा दुसरा सामना होता. पहिला आपण ०-२ हरलो होतो. बोर्हाने उत्तरार्धाच्या सुरुवातीला एक फेडला. नंतर बराच वेळ काही नाही. मग अचानक फोन वाजला, मामा! मी उचलला नाही. माझ्या पडद्यावर ८८ वं मिनिट आलं आणि सादिकूने गोल केला. दोन्ही सामने मिळून २-२. आता जादा वेळ. मी फोन हातात धरून बसलो. तो पुन्हा वाजला नाही. चाळिशीतल्या सुनील छेत्रीने जादा वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला डोक्याने चेंडू आत घातला, तो मी पाहिला तेव्हा मला ते आधीच कळून चुकलं होतं.

मामांचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मानकुराद अजून महाग आहेत म्हणाले, आणि विचारलं, तुमच्या हैदराबादेत आंबे आले का.